पाटणादेवी: देवदर्शन, धबधबा आणि मधे राहून जाणारा मठ

चाळीसगावपासून १८ किलोमीटरवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी, डोंगरी नदीच्या काठी पाटणादेवीचं देऊळ आहे. धुळ्याहून चाळीसगाव ५५ किलोमीटर आणि जळगावहून शंभराच्या आत, त्यामुळे अर्ध्या खान्देशाला सकाळी निघून रात्री घरी येता येतं. बहुतेक मंडळी येतात ती नवरात्रात किंवा चैत्रात दर्शनाला, नाहीतर श्रावणात धबधब्याला. देऊळ, कुंड, डबा, की परत. इतक्यावर परतणाऱ्याच्या हाती या जागेचं निम्मंही लागत नाही. हे गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. आणि त्याच्या या कोपऱ्यात आठशे वर्षांपूर्वी गणित-ज्योतिष शिकवण्यासाठी एक मठ स्थापन झाला होता. त्या मठासाठी इथे यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. जंगल आणि पाणी त्याच्या जोडीला आहेतच.

मठाचा पुरावा देवीच्या देवळातल्या शिलालेखात मिळाला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. मठ काढणारा चांगदेव हा बाराव्या शतकातले थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू आणि देवगिरीचा राजा सिंघण यादव याच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. (तापी-पूर्णा संगमावरचे योगी चांगदेव वेगळे. मुक्ताईनगरकडून येणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.) हेतू लेखात सरळ सांगितला आहे: भास्कराचार्यांचे सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ इथे शिकवले जावेत. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा. सिद्धांतशिरोमणी त्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये पुरा केला. त्यानंतर साठ वर्षांच्या आत नातवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी जागा उभी केली. तिला दान दिलं इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने, श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सर्वांसमक्ष हातावर पाणी सोडून. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर आहे. अभ्यासक ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ धरतात. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या मुहूर्तावर दान मिळालं, हे वाचून आजही समाधान वाटतं.

लेखाचा बराच भाग संस्कृत श्लोकांत आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि तिथे खरा व्यवहार येतो. या पाटणात जो माल विक्रीला उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे शाळेचा खर्च बाजारपेठेवर बसवला होता. आज झाडोऱ्याने वेढलेल्या या जागी तेव्हा चांगली चालती पेठ होती, हे एवढ्या एका ओळीवरून कळतं. मठ म्हणून बोट दाखवावं अशी इमारत आता उभी नाही. म्हणून एक करावं: लेखाचा मजकूर आणि त्याचा अर्थ घरूनच छापून किंवा मोबाइलवर उतरवून घेऊन जावं. डोंगरांच्या या खळग्यात नेटवर्कचा भरवसा धरू नये, आणि आठशे वर्षांपूर्वीची अक्षरं सवय नसलेल्या डोळ्याला नुसती पाहून लागत नाहीत.

देऊळ उंच जोत्यावर आहे. दर्शनाच्या रांगेत लोक समोर बघत पुढे सरकतात आणि बाहेरच्या भिंती राहून जातात. दर्शन झालं की एक सावकाश प्रदक्षिणा भिंतींकडे बघत घाला. भिंत सरळ न जाता पुन्हा पुन्हा कोन घेत वळते, आणि प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं. सकाळचं तिरपं ऊन असेल तर थर सुटे सुटे दिसतात. दुपारी बारानंतर तोच दगड सपाट वाटतो. म्हणून आठच्या आत पोचावं.

पाटणे गावाजवळचं महादेवाचं हेमाडपंती देऊळ चुकवू नका. त्याच्या शके १०७५ च्या, म्हणजे ११५३ च्या लेखानुसार निकुंभांच्या इंद्रराजाने बांधकाम सुरू केलं, तो वारला, आणि राणी श्रीदेवीने राज्यकारभार सांभाळत काम पुरं करवलं. देवीकडच्या मानाने इथे गर्दी फार कमी असते. अर्धा तास पुरतो.

आता पाण्याविषयी, कारण गडबड तिथेच होते. देवळापासून वर केदारकुंडाकडे जाणारी वाट ओढ्याच्या काठाने, काही ठिकाणी पात्रातूनच जाते. धवलतीर्थ धबधब्याची वाट वेगळी, त्यामुळे सुरुवातीलाच नीट विचारून निघावं. दगड शेवाळलेले असतात. गुळगुळीत तळ्याच्या चपला आणि स्लीपर इथे कामाच्या नाहीत, खाचांचा तळ असलेले बूट हवेत. कुंडाचा तळ दिसत नाही आणि काठाचा दगड आत उतरता असतो, तेव्हा पोहता येत असलं तरी उडी मारू नका. मुख्य धोका मात्र पुराचा. वरचं सगळं पठार आणि कडे उघड्या काळ्या खडकाचे. पडलेलं पाणी मुरत नाही, घळींतून थेट खाली येतं. देवळापाशी ऊन असताना वर पठारावर सर कोसळली तरी ओढा चढतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला याच डोंगरी आणि तितूर नद्यांनी चाळीसगावात काय केलं आणि कन्नड घाटात दरडी कशा आल्या, हे तालुक्यात कुणालाही विचारा. पाणी गढूळ झालं, काड्या-पाला वाहत यायला लागला, की फोटो काढत थांबू नका. ज्या काठाला परतीची वाट आहे त्या काठाला लगेच या. पलीकडे अडकलात तर पाणी उतरेपर्यंत तिथेच बसा. दोरी धरून ओढा ओलांडण्याच्या भानगडीत पडू नका.

चांगला काळ म्हणाल तर सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, नवरात्राचे नऊ दिवस आणि रविवार सोडून. पाणी असतं, वाटा सुकलेल्या असतात, गवत अजून हिरवं असतं. मार्चनंतर साग झडून जातो, अंजनाची झाडं तेवढी नजरेत भरतात. पक्षी बघायला तेव्हा सोपं, पण अकरानंतर चालवत नाही.

कन्हेरगडाच्या डोंगराला नागार्जुन कोठडी हे जैन लेणं आहे, पुढे सीतेची न्हाणी, आणि वेगळ्या वाटेवर शृंगार चावडी. नागार्जुन लेण्यातल्या तीर्थंकरांच्या मूर्ती पाहायला विजेरी हवी. मोबाइलचा उजेड समोरून टाकला तर चेहरा पांढरा पडतो, बाजूने धरला तर घडण दिसते. गड चढायचा असेल तर वाटाड्या घ्या. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतकं वाढतं आणि त्यात वाट बुजते.

पितळखोऱ्याची बौद्ध लेणी याच दिवसात कोंबण्याचा मोह आवरा. पाटणादेवीकडून वर चढून जाता येतं, पण तो अंगावर येणारा चढ आहे आणि ओढ्यातला भाग पावसाळ्यात बंदच समजावा. कन्नडकडून पठारावर गाडी जाते आणि पायऱ्यांनी खाली घळीत उतरायचं असतं. लहान मुलं किंवा वयस्कर सोबत असतील तर तोच रस्ता. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा, कारण ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात सुरू झालेलं हे काम घाईत पाहण्याजोगं नाही. चौथ्या लेण्याच्या जोत्यावर हत्तींची रांग आहे. दाराशी द्वारपाल उभे आहेत, आणि पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा नाग आहे. त्याच्या मागे खडकात कोरीव मार्ग आहे; तिथून सोडलेलं पाणी फण्यांच्या छिद्रांतून बाहेर पडावं, अशी ती रचना. ती छिद्रं जवळ जाऊनच दिसतात. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात खांबांवर रंगवलेल्या आकृती शिल्लक आहेत. हात लावू नका, फ्लॅश मारू नका. इथे सापडलेली, कण्हदास सोनाराने घडवल्याचा लेख असलेली यक्षमूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती इथे शोधत बसू नये. कड्यांना आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, तिन्ही टाळा.

सोबत माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळ्यात तीन. खाणं चाळीसगावातून बांधून घ्या. कळण्याची भाकरी, ठेचा आणि कोरडी भाजी दुपारपर्यंत टिकते. शेवभाजी परतताना ढाब्यावर खावी, डब्यात ती सांडते आणि शेव लगदा होते. प्रसाद, केळी पिशवीच्या आत ठेवा, माकडं हातातून नेतात. अभयारण्य असल्यामुळे चूल, दारू, स्पीकर यांना इथे जागा नाही आणि पत्रावळीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळा कचरा परत न्यायचा. बिबट्याचा वावर आहे. २०२१ मध्ये तर विदर्भातून चालत आलेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्यात सापडला. दिवस मावळायच्या आत जंगलातून बाहेर पडा.

स्वतःची गाडी नसेल तर चाळीसगाव जंक्शनला उतरून स्टँडवर आधी परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारा, मग जायची गाडी धरा. ती वेळ सोयीची नसेल तर रिक्षा जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट ठरवा, कारण संध्याकाळी देवळापाशी रिकामी रिक्षा मिळेलच असं नाही. चारच्या सुमारास निघालात तर स्टेशनजवळचं केकी मूस यांचं कलादालन पाहता येतं. ते त्या दिवशी उघडं आहे का, हेही सकाळीच विचारून ठेवा.