तीस दिवस की शंभर दिवस? पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायला बसण्याआधी

पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची तर दोन हिशेब मांडता येतात. रोज १,६६७ शब्द, तीस दिवस. किंवा रोज ५०० शब्द, शंभर दिवस. बेरीज एकच. मी दोन्ही करून पाहिलं आहे. पहिलं २०२३ च्या नोव्हेंबरात, दुसरं २०२४ च्या अक्षय्य तृतीयेपासून. डोंबिवलीतलं घर, मुंबईतली नोकरी, शाळेत जाणारी मुलगी आणि सासूबाई, हे दोन्ही वेळा तसंच होतं. बदलली ती फक्त लिहिण्याची पद्धत. म्हणून वेळ कुठून काढू आणि उत्साह कसा टिकवू, या विवंचनेत जे कुणी आहेत त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

तीस दिवसांची कल्पना मूळची अमेरिकेतली. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रमंडळींनी, एकूण एकवीस जणांनी, ती पहिल्यांदा केली. दुसऱ्या वर्षीपासून महिना नोव्हेंबर ठरला, कारण तिकडे तेव्हा हवा इतकी वाईट असते की घरात बसून लिहिलेलंच बरं. पुढे नॅनोरायमो (नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ) या नावाने हा उपक्रम जगभर पसरला. 'वॉटर फॉर एलिफंट्स' आणि 'द नाइट सर्कस' या गाजलेल्या कादंबऱ्यांचे खर्डे त्यातच सुरू झाले होते. उपक्रम चालवणारी संस्था बंद होत असल्याचं २०२५ च्या मार्चअखेर जाहीर झालं. पण महिना आणि आकडा कुणीही घेऊन बसू शकतं, त्याला संस्था लागत नाही.

प्रश्न महिन्याचाच आहे. तिकडचा नोव्हेंबर घरात कोंडून घालतो. आपल्याकडे त्याच सुमाराला पाहुणे, फराळ, ओवाळणी आणि साफसफाई. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. पहिल्या नऊ दिवसांत माझे १४,२०० शब्द झाले होते आणि मी खुशीत होते. १० ते १५ तारखेपर्यंत, धनत्रयोदशी ते भाऊबीज, एक ओळ लिहून झाली नाही. १६ तारखेला सकाळी मांडणी केली तर उरलेल्या पंधरा दिवसांत रोज जवळजवळ २,४०० शब्द हवे होते. ३० तारखेच्या रात्री ३३,८०० वर थांबले.

तीस दिवसांत सहा दिवस गेले की रोजचा आकडा अंगावर येतो. शंभर दिवसांत सहा गेले तर ५०० चे ५३२ होतात, कळतसुद्धा नाही. माझे त्या शंभरात एकूण अकरा दिवस बुडाले, दोनदा ताप आणि बाकीचे पावसाचे, रात्री दहाला घरी पोहोचल्याचे. १७ ऑगस्टला शंभर दिवस भरले तेव्हा ४६,२०० झाले होते. उरलेले पुढच्या नऊ दिवसांत, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, पूर्ण झाले. आकड्यांपुरतं बोलायचं तर इथेच निकाल लागतो. पण कादंबरी नुसत्या आकड्यांवर होत नाही, त्यामुळे पुढचंही वाचा.

मराठीत पन्नास हजार म्हणजे किती

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. 'घरासमोरच्या झाडाखालून' हे आपले दोन शब्द. इंग्रजीत हेच म्हणायला नऊ शब्द लागतात. आपली विभक्ती, शब्दयोगी अव्ययं, सगळं शब्दाला चिकटतं. 'सांगितल्याशिवाय', 'बसल्याबसल्या', 'त्यांच्याकडूनसुद्धा' यांतला प्रत्येक एकच शब्द मोजला जातो. माझ्याच एका तीनशे शब्दांच्या इंग्रजी पानाचं मी मराठी केलं तर ते २३० च्या आसपास भरलं. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याच्या पन्नास हजारांत जेवढी गोष्ट मावते, तेवढी मराठीत अडतीस-चाळीस हजारांत मावते. पन्नास हजारांचा हट्ट धरला तर तुम्ही त्यांच्यापेक्षा बरंच जास्त काम करत असता, आणि तेही त्याच तीस दिवसांत.

म्हणून माझं स्पष्ट मत: मराठीत लिहिणाऱ्याने ४०,००० धरावेत. तीस दिवसांचे मग रोज १,३३३ होतात, शंभर दिवसांचे रोज ४००. यात कुणाची फसवणूक नाही. छापील पानांत ते दीडशेच्या आसपास जातं आणि कादंबरी म्हणून नीट उभं राहतं.

वेळ कुणाचा जातो

माझा पहिल्या खर्ड्याचा वेग तासाला साडेसहाशे शब्दांचा आहे. विचार करत, खिडकीबाहेर बघत, मधेच चहा घेत. म्हणजे १,६६७ शब्दांना अडीच तास, ५०० ला पाऊण तास. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या किंवा पुरुषाच्या दिवसात अडीच तास मोकळे पडलेले नसतात. ते कुणाकडून तरी घ्यावे लागतात.

नोव्हेंबरात ते मी आईंकडून घेतले, म्हणजे सासूबाईंकडून. त्या वर्षी भाजणी भाजण्यापासून सगळं त्यांनी केलं. एका संध्याकाळी मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते आणि स्वयंपाकघरातून सोऱ्या दाबल्याचा आवाज येत होता. मी उठून गेले तर म्हणाल्या, "तू लिही गं, चकल्या मी पाडते." रात्री जेवणं झाल्यावर पाहिलं, तर दिव्याखाली बसून उजव्या मनगटाला बाम चोळत होत्या. मला काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी माझे १,८१० शब्द झाले होते. तो आकडा आजही लक्षात आहे, आणि तो आठवला की पहिल्यांदा बामचा वास येतो.

शंभर दिवसांत मी वेळ घेतला तो पहाटेचा, ५.१० ते ५.५५. सव्वासहाला नळाला पाणी येतं, त्यानंतर डबे, नंतर ७.१८ ची लोकल. या पंचेचाळीस मिनिटांवर कुणाचाच हक्क नव्हता. किंमत माझ्या झोपेने दिली. रात्री साडेदहाला दिवा मालवायचा नियम केला, आणि टीव्हीवरची एक मालिका सुटली ती सुटलीच.

तीस दिवसांचा मार्ग घ्यायचा असेल तर घरच्यांशी आधी बोला, आणि नेमकं बोला. "मी महिनाभर लिहिणार आहे" यावर सगळे "हो, लिही की" म्हणतात. "महिनाभर संध्याकाळचा स्वयंपाक, मुलीचा अभ्यास आणि रविवारची भाजी मी बघणार नाही, ते कोण बघेल?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. ते उत्तर गुळमुळीत आलं तर शंभर दिवसांचा रस्ता धरा.

रात्री लिहायचं की पहाटे, यावर लोक खूप वाद घालतात. मला रात्री जमलं नाही, माझ्या मैत्रिणीला पहाटे जमत नाही. ज्या वेळी फोन वाजत नाही ती वेळ खरी.

उत्साह कुठे टिकतो

इथे मात्र तीस दिवसांची बाजू जड आहे, हे मान्य करायलाच हवं. आम्ही पाच जणी होतो. रोज रात्री अकराला व्हॉट्सॲपवर आपापला आकडा टाकायचा, एवढंच. एकीचे हजार झाले दिसले की दुसरी उठून बसायची. पहिला आठवडा तर अंगात वारं शिरल्यासारखा गेला. पात्रं सोडतच नव्हती. ठाण्याला गाडी थांबली की माझ्या नायिकेची आत्या माझ्याशी बोलायला लागायची. बँकेच्या रांगेत, भाजी निवडताना, सगळीकडे तीच माणसं. महिनाभर एका गोष्टीत राहण्याचं हे सुख शंभर दिवसांत त्या जोराने मिळत नाही.

शंभर दिवस कुणी तुमच्यासोबत उत्साहात राहत नाही. पाच जणींपैकी दुसऱ्या वेळी मी एकटीच होते. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहायला लागले. ५१२, ४९०, ६३०. जून संपता संपता मुलगी सकाळी दूध पिताना आधी तिकडे बघायची आणि चौकोन रिकामा असेल तर माझ्याकडे बघायची. तेवढं पुरलं.

शंभर दिवसांचा खरा धोका विसरण्याचा आहे. बावन्नाव्या दिवशी लक्षात आलं की दुसऱ्या प्रकरणात आत्याचं घर संगमेश्वरला आहे आणि नवव्यात चिपळूणला. मधे सहा आठवडे गेले होते. तेव्हापासून एक साधी दोनशेपानी वही केली. प्रत्येक पात्राला एक पान: गाव, वय, बोलण्यातली लकब, अंगावरची एखादी खूण. आणि उठताना वाक्य अर्धं सोडायचं. एका सकाळी 'आत्याने ट्रंक उघडली आणि वरचं लुगडं बाजूला करून' एवढ्यावर उठले. दुसऱ्या दिवशी ५.१० ला हात आपोआप पुढे गेला, खाली एक पोस्टकार्ड निघालं, जे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं. त्या पोस्टकार्डावर पुढची तीन प्रकरणं उभी राहिली.

खर्डे हातात घेऊन वाचले तर फरक सरळ दिसतो. नोव्हेंबरातल्या लिखाणाला ओढ आहे, संवाद धावतात, पण एकच प्रसंग वेगळ्या शब्दांत तीनदा आला आहे, कारण रात्री अकराच्या आत आकडा भरायचा होता. शंभर दिवसांतल्यात ती घाई नाही, पण काही प्रकरणं एकमेकांना पाठ करून बसली आहेत. पहिल्याची दुरुस्ती म्हणजे काटछाट, दुसऱ्याची म्हणजे सांधणी. मला सांधणी जास्त आवडते. तुम्हाला कात्री चालवायला आवडत असेल तर तुमचं मत वेगळं होईल.

साधनांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते, संवादांसाठी विशेषतः. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात. लोकलमध्ये उभ्याने दोनशे शब्द होतात, त्याहून जास्त मान दुखेपर्यंत करू नये. दोन्ही पद्धतींत एक पथ्य पाळा: ऱ्हस्वदीर्घ तेव्हाचं तेव्हा सुधारत बसू नका. 'विहीर' की 'विहिर' यावर माझी दहा मिनिटं गेलेली आहेत, आणि ती दहा मिनिटं म्हणजे शंभर शब्द.

कुणी काय घ्यावं

परीक्षा संपलेले विद्यार्थी, नुकतेच निवृत्त झालेले, दोन नोकऱ्यांच्या मधे असलेले, एकटे राहणारे: तुम्ही तीस दिवस घ्या. तुमच्याकडे सलग वेळ आहे आणि सलग वेळेतली ती धुंदी वाया घालवू नका. फक्त नोव्हेंबर धरायचा तर आधी पंचांग बघा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे पुन्हा तीच गत. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे, तो नोव्हेंबर चालेल. माझा स्वतःचा कल पौषाकडे आहे, साधारण डिसेंबरअखेर ते जानेवारी. आपल्याकडे पौषात लग्नकार्यं काढत नाहीत, संक्रांत सोडली तर मोठा सण नाही, थंडी असते, रात्र मोठी असते.

घरात लहान मूल, आजारी माणूस किंवा दहावी-बारावी असेल, किंवा रोजचे चार तास प्रवासात जात असतील, तर शंभर दिवस, रोज ४००. गुढीपाडव्याच्या सुमारास सुरू केलंत तर गणपतीच्या कितीतरी आधी मोकळे व्हाल.

आणि ज्यांना बाहेरून तारीख आल्याशिवाय लिहिताच येत नाही, त्यांच्यासाठी आपल्याकडे जुनी सोय आहेच. 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक दिवाळीच्या तारखेवर लिहीत आले आहेत. अंकांचं साहित्य साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत मागवतात. पंधरा-वीस हजार शब्दांची लघुकादंबरी मनाशी धरून मे महिन्यात बसलात तर रोज तीनशे शब्दांत भागतं. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला हा आकडा मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो.

तरीही ठरत नसेल तर येत्या सोमवारपासून सात दिवस, जी वेळ मनात आहे त्याच वेळी, रोज फक्त तीनशे शब्द लिहा. कुठल्याही गोष्टीचे. प्रत्येक दिवसापुढे किती वाजता बसलात, किती वाजता उठलात आणि उठवलं कुणी, एवढंच टिपून ठेवा. माझ्या त्या आठवड्याच्या कागदावर सातपैकी पाच दिवशी 'पाणी आलं' असं लिहिलेलं होतं. म्हणून मी गजर एक तास अलीकडे लावला.