माशी बांधण्याची कात्री: गुळगुळीत धार की दातेरी धार?

ट्राउट माशासाठी गळावर पीस, केस आणि धागा गुंडाळून कृत्रिम माशी बांधणाऱ्याला कात्री निवडताना पोलादाइतकाच धारेचाही विचार करावा लागतो.

गुळगुळीत धारेच्या, सुईसारख्या टोकाच्या कात्रीने धागा गळाच्या डोळ्यालगत, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्रालगत, स्वच्छ कापता येतो. १८ किंवा २० क्रमांकाच्या गळावर, जिथे क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो, कोंबड्याच्या मानेच्या पिसाचा एखादाच चुकार तंतू शेजारच्या तंतूंना धक्का न लावता काढायचा असतो, आणि तिथे मला हिच्याइतका दुसऱ्या कशाचाही भरवसा वाटत नाही.

मात्र हरणाच्या पोकळ केसांचा जुडगा किंवा निसरडे कृत्रिम तंतू हिच्या पात्यांतून पुढे सरकतात आणि काप तिरका जातो. दातेरी धारेची कात्री, जिच्या एका पात्यावर अतिशय बारीक दाते असतात, तो जुडगा जागीच धरून ठेवते. म्हणूनच मडलर मिनोसारख्या माशीचे केसाळ डोके कातरून गोल करताना तीच हाती घ्यावी. तिला पुन्हा धार लावणे मात्र अवघड असते.

एकच घेणे शक्य असेल, तर नवशिक्याने सुमारे १० सेंटिमीटर लांबीची दातेरी कात्री घ्यावी, असे माझे मत आहे. तिची कडी बोटात सैल बसावी, म्हणजे बांधताना ती हातातच ठेवता येते. तांब्याची तार कोणत्याही कात्रीच्या टोकाने कापू नये. अगदीच वेळ आली, तर पात्यांच्या मुळाशी कापावी.