स्विफ्ट डीडीआयएस (७५ पीएस): टर्बो लॅग कमी करण्याचे उपाय, काही महिन्यांच्या वापरानंतर

मारुती स्विफ्टच्या या डिझेल गाडीत फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन. टॉर्क १९० एनएम, पण तो मिळतो २००० आरपीएमला. या ७५ पीएसच्या गाडीत टर्बो फिक्स्ड जॉमेट्रीचा (न हलणाऱ्या पात्यांचा) आहे, म्हणून १८००च्या खाली गाडी मरगळलेली असते आणि वर गेली की एकदम सुटते. हा स्वभाव म्हणजेच टर्बो लॅग, तो पूर्ण जात नाही. मात्र बऱ्याच जुन्या गाड्यांत लॅग मुळातल्यापेक्षा वाढलेला असतो, आणि तेवढा नक्की परत मिळवता येतो.

पैसे खर्च करण्याआधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावा. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅप सेन्सरने (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा: मुंबईत साधारण १०० केपीए, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. आकडा बराच वेगळा आला तर सेन्सरवर काजळी बसली आहे किंवा तो गेला आहे. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० वरून पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन दाब किती आरपीएमला चढतो ते रेकॉर्ड करा. पुढच्या प्रत्येक कामानंतर हीच चाचणी, त्याच रस्त्यावर. पिकअप वाढल्याचा नुसता भास फार फसवतो.

सर्वांत जास्त फरक पडला हवेची गळती बंद केल्यावर. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतच्या प्रत्येक जोडापाशी तेलाचा ओलसर डाग शोधा. होज आतून चिरलेला असतो, तो थंड असताना कळत नाही, दाबाखाली उघडतो. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा बाहेर जाते, डिझेल मात्र तिच्या हिशेबाने पडतं, म्हणून काळा धूर. क्लॅम्प आवळून भागत नसेल तर होज बदलाच.

दुसरं ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह. शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी व्हॉल्व्हमध्ये कार्बन साचून तो अर्धवट उघडा राहतो. कमी आरपीएमला ताज्या हवेच्या जागी एक्झॉस्टच आत येतो. व्हॉल्व्ह काढून कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ करा, गॅस्केट नवीन घाला. तो बंद करून टाकू नका: नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, चेक इंजिन दिवा लागू शकतो. एअरफ्लो सेन्सरला मात्र त्याचाच स्प्रे वापरा, कार्ब क्लीनर नको. तेल लावलेले कॉटन फिल्टरही टाळा, ते तेल सेन्सरवर बसतं. कंपनीचा कागदी फिल्टर उत्तम.

वेस्टगेट म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बाइनच्या बाजूने सोडणारी झडप. तिची दांडी स्प्रिंगविरुद्धच हलायला हवी आणि हातपंपाने दिलेला दाब सोडताच पूर्ण मागे यायला हवी. सैल असेल तर एक्झॉस्ट टर्बाइनला टाळून निघून जातो.

पेडल बॉक्सने निराशा केली. तो फक्त पेडलचा सिग्नल वाढवतो. रेकॉर्डमध्ये दाब चढण्याचा आरपीएम तोच राहिला, आणि ट्रॅफिकमध्ये गाडी धक्के मारू लागली. रिमॅपने (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून) २००० च्या पुढे दणदणीत ओढ येते, पण १५०० ला टर्बो फिरवायला पुरेसा एक्झॉस्टच नसतो, तिथे फरक नाममात्र. शिवाय जुना क्लच तो टॉर्क झेलत नाही. चौथ्या गिअरमध्ये २००० वर पूर्ण पेडल द्या. आरपीएम चढला आणि वेग मागे राहिला, तर आधी क्लच बदला.

घाटात गिअर थोडा उशिरा बदला, म्हणजे पुढच्या गिअरमध्ये आरपीएम १८०० च्या खाली जात नाही. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्यात १३०० ला पेडल दाबून धरण्यापेक्षा सरळ दुसरा टाका.