घोंगडी न्यावी की स्लीपिंग बॅग घ्यावी?

कोल्हापूरहून पन्हाळा जेमतेम 20 किलोमीटर, त्यामुळं पहिल्यांदा तंबू टाकायला निघणारे बहुतेक जण त्याच बाजूला जातात. मग डिसेंबर-जानेवारीत ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, घरातली घोंगडी नेली तर चालेल का, की पैसे घालून स्लीपिंग बॅगच घेऊ? मी दोन्हींत रात्री काढल्यात.

पाठीवर घेऊन चालायचं असेल तर फार विचार करू नका, स्लीपिंग बॅग घ्या. चांगली घोंगडी अडीच-तीन किलोची, शिवाय घडी घातली तरी सॅक तिनंच भरते. साधी बॅग दीड किलोच्या आसपास असते आणि दाबून बांधली की छोट्या कळशीएवढी होते. घेताना लेबलवरचा कम्फर्टचा आकडा, म्हणजे किती थंडीपर्यंत नीट झोप लागेल ते, बघा. एक्स्ट्रीमचा आकडा माणूस कसाबसा तगेल एवढंच सांगतो, त्या थंडीत झोप लागत नाही.

गाडीनं जाणार असाल तर मात्र घोंगडीच सरस ठरते, हे मला पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर पटलं. जानेवारीची रात्र होती, एकेरी कापडाचा तंबू. वाऱ्याला घाबरून आम्ही सगळ्या खिडक्या बंद केल्या. पहाटे चारला गालावर थेंब पडला. आमच्याच श्वासाची वाफ कापडाला आतून धरली होती. माझ्या बॅगेचं पायाकडचं टोक तंबूला टेकून ओलं गच्च झालेलं. शेजारी मित्राच्या घोंगडीवर थेंब मोत्यासारखे वरच थांबलेले; त्यानं ती झटकली आणि कूस बदलून झोपला. लोकर बाहेरून पाणी सहज धरत नाही आणि आत थोडी ओल मुरली तरी ऊब सोडत नाही. म्हणून तंबू शक्यतो दुहेरी कापडाचा घ्या, आणि कितीही वारा असला तरी एक झडप उघडी ठेवा.

पावसाळ्यात हे गणित उलटं होतं. पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर जुलैत घोंगडी एकदा भिजली की उचलवत नाही, आणि त्या धुक्यात ती वाळणार कधी? धनगर घोंगडीची खोळ करून पावसात हिंडतात, पण त्यांना ती सॅकमध्ये कोंबायची नसते.

नवी घोंगडी घेत असाल तर अंगाला टोचणार हे धरून चाला. मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्यानं ती सुरुवातीला कडक असते. आत सुती चादर घ्या, लहान मुलांना तर नक्की.

आता मॅट. दोन्हींपैकी काहीही न्या, पण मॅट विसरू नका, कारण अंगाखाली दबलेलं पांघरूण ऊब देत नाही आणि गारठा जमिनीतून वर येतो. हवेची गादी मऊ खरी, पण मसाईचा जांभा खरखरीत, टोकदार. एक टोक लागून हवा गेली की रात्रभर दगडावर. मी फोमची मॅटच नेतो. त्याच जांभ्यात खुंट्याही शिरत नाहीत, तेव्हा जादा दोरी घ्या आणि तंबू दगडांना बांधा. खाली प्लास्टिक अंथराल तर कडा तंबूबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव-पाऊस त्यावर साचून सरळ तुमच्या पाठीखाली येतो.

शेकोटी करू म्हणून पांघरूण कमी नेणारे भेटतात. मसाई आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथं मुक्कामाचं आधी वनखात्याकडं विचारा. जानेवारीतलं पठारावरचं गवत एका ठिणगीनं पेटतं.