आर५० आणि आर६ मार्क टू : दोन्ही एकाच घरात वापरल्यावर

कॅमेरा घ्यायचं ठरलं की प्रश्न एकच असतो. सुरुवातीचा मिररलेस घेऊ, की थोडं थांबून एकदम प्रोफेशनलच घेऊ? आमच्या ऐरोलीच्या घरात दोन्ही आहेत. कॅनन आर५० माझा, आर६ मार्क टू (पुढे नुसता आर६) धाकट्या भावाचा. तो साखरपुडे, मुंजी, नृत्याचे कार्यक्रम अशी कामं घेतो. मी मुख्यतः पक्षी टिपते. दोन्हींचा माउंट, म्हणजे लेन्स बसवायचं तोंड, एकच, त्यामुळे लेन्स सतत इकडून तिकडे जातात, आणि त्याचं काम नसलं की त्याची बॉडी माझ्याकडे येते. खाडीचा अख्खा मोसम, पावसाळा आणि बरेच कार्यक्रम दोन्हींवर झाले. माझं मत असं झालंय की बॉडी कुठल्या वर्गातली हे नंतर बघावं. आधी बघावं ते हे, की आपला विषय आपल्यापासून किती लांब असतो आणि त्याच्यावर उजेड किती असतो. त्यावर निवड पालटते, आणि काही ठिकाणी चक्क स्वस्त बॉडी वरचढ ठरते.

खाडीवर ती ठरलीच. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५ मध्ये मिळाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत तिचं नाव लागलं. हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येऊ लागतात आणि पावसाच्या तोंडाशी निघतात. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातली बोट भरतीचं वेळापत्रक बघून सुटते. पाणी उतरलं की पक्षी चिखलावर खायला पसरतात, पण तेव्हा बोटीला पाणी पुरत नाही. भरती चढली की ते उठून सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळ जागांवर, टी. एस. चाणक्य किंवा डीपीएसच्या तळ्याकडे जातात. म्हणजे वेळ अगदी जुळून आली तरी थवा बोटीपासून बराच लांब असतो. आणि तो तसाच असू द्यावा. फोटोसाठी बोट आत घुसवून थवा उठवायला लावणं मला अजिबात पटत नाही.

आता दोन्ही बॉडी २४.२ मेगापिक्सेलच्या आहेत, पण आर६ चा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे मोठा, आणि आर५० चा एपीएस-सी, म्हणजे लहान. लेन्स तीच, १००-४०० मिमी, जागाही तीच. सेन्सरवर पडणारी रोहिताची प्रतिमा दोन्हीकडे तेवढीच मोठी असते, पण आर५० वर पिक्सेल दाटीनं बसवलेले आहेत. समजा आर६ वर मानेपासून पायापर्यंत १००० पिक्सेल मिळाले, तर आर५० वर १६०० मिळतात. आर६ चा फोटो कापून आर५० एवढी चौकट केली तर हाती उरतात जेमतेम सव्वानऊ मेगापिक्सेल. घरी दोन्ही फोटो शेजारी उघडले की हा फरक डोळ्यांना दिसतो: आर५० च्या फोटोत चोचीच्या बाकापाशी, जिथे गुलाबी संपून काळं टोक सुरू होतं, तिथली कड स्वच्छ दिसते आणि पंखाखालची लाल पिसं एकेक सुटी कळतात. आर६ मध्ये तिथे रंग आहे, पिसं नाहीत.

‘पण फुल फ्रेमला नॉइज (फोटोतले बारीक दाणे) कमी’ असं लगेच सांगितलं जातं. खरं आहे, पण चौकट पूर्ण भरत असेल तेव्हाच. फोटो कापायचाच असेल तर पक्ष्यावरून लेन्समधून आलेला उजेड दोन्हीकडे तेवढाच असतो, सेन्सरचा उरलेला भाग नुसतं आभाळ आणि चिखल टिपत असतो. सकाळच्या उन्हात एफ/८ ला (एफपुढचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त) सेकंदाच्या १/१६०० चा शटर ठेवला तरी आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ८०० च्या आसपास भागतं. तिथे महागड्या सेन्सरला काही करून दाखवायला जागाच उरत नाही. फोकसचंही तसंच. दोन्हींत ड्युअल पिक्सेल या कॅननच्या फोकस-पद्धतीची दुसरी पिढी आहे, दोन्ही पक्ष्याचा डोळा ओळखतात, आणि भरपूर उजेडात मला त्यांत म्हणावा असा फरक जाणवला नाही.

फरक आहे तो हाताला. रोहितांचा थवा तिवरांच्या काळपट पार्श्वभूमीवरून उठून उघड्या आभाळात शिरतो तेव्हा एक्सपोजर पटकन बदलावं लागतं. आर६ वर अंगठ्याखालचं चाक फिरवलं की झालं, डोळा व्ह्यूफाइंडरवरून हलत नाही. आर५० ला चाक एकच. आधी बटण, मग तेच चाक, तोवर थवा पुढे गेलेला. शिवाय रॉमध्ये (मोठ्या, कच्च्या फायलींत) बटण दाबून धरलं तर आर५० सेकंदभरातच दमतो. म्हणून मी पुढच्या क्षणाचा अंदाज घेऊन दोन-दोन, तीन-तीन फ्रेमच काढते. आर६ मध्ये बटण दाबण्याच्या अर्धा सेकंद आधीच्या फ्रेमही साठवता येतात. खंड्या सूर मारतो तो क्षण हवा असेल तर ही सोय अनमोल आहे. आर५० मध्ये महागडं यूएचएस-टू कार्ड घालू नका, त्याचा वेग तो कॅमेरा वापरतच नाही.

रंगमंचावर मात्र बाजू पालटते. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात एका अरंगेत्रमला, म्हणजे नर्तिकेच्या पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाला, आम्ही दोघं दोन बॉडी घेऊन बसलो होतो. गुरूंची अट साधी होती: फ्लॅश नाही, आवाज नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर आला, आणि वर सगळे एलईडी दिवे, जे डोळ्यांना न कळता लुकलुकत असतात. आर५० वर काही फ्रेममध्ये आडवे पट्टे आले, आणि हात झपकन फिरताना मनगट किंचित तिरकं झालेलं दिसलं, कारण सेन्सर वरून खालपर्यंत वाचायला त्याला वेळ लागतो. आर६ चा सेन्सर जलद वाचतो, आणि दिव्याच्या वारंवारतेशी जुळेल असा शटरचा वेग अगदी अपूर्णांकात सरकवता येतो. भावानं तालमीतच तो जुळवून घेतला होता. त्याच्या फोटोंत अलपद्म मुद्रेत धरलेली पाचही बोटं सुटी, ताणलेली, टोकाचा आळता लख्ख, आणि मागच्या काळ्या पडद्यावर पट्ट्याचं नावही नाही.

इथे चौकट पूर्ण भरत होती, त्यामुळे सेन्सरचं क्षेत्रफळ कामाला आलं. आर६ चा सेन्सर आर५० च्या सुमारे अडीचपट, म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). आर६ वरचं आयएसओ ६४०० साधारण आर५० वरच्या २५०० सारखं दिसतं. पण हा फायदा लेन्सनं भरून काढता येतो. सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ आता आरएफ माउंटमध्ये मिळते. ती आर५० वर लावली तर एफ/२.८ च्या झूमपेक्षा दोन स्टॉप जास्त उजेड घेते, म्हणजे सेन्सरचं नुकसान भरून निघतं आणि वर थोडं उरतं. झूम नाही, त्यामुळे पुढच्या रांगेत नीट मधोमध जागा मिळवावी लागते. घरच्या मुलीच्या नाचाचे फोटो काढणाऱ्या आईबाबांना मी हीच जोडी सांगते.

पैसे घेऊन काम करणार असाल तर मात्र मी आर५० सुचवणार नाही, आणि त्याचं कारण फोटोचा दर्जा नाही. त्या अरंगेत्रमनंतर घरी आल्यावर आर६ मधलं एक कार्ड संगणकाला लावलं तर वाचेचना. दुसऱ्या खाचेतल्या कार्डावर सगळं जसंच्या तसं होतं. त्या मुलीनं वर्षानुवर्षं शिकून एकदाच केलेला कार्यक्रम. तिच्या घरच्यांना काय तोंड दाखवलं असतं? आर५० ला खाच एकच आहे. बॅटरीही १०४० एमएएचची, आर६ ची २१३० ची. जुना फ्लॅश लावायचा तर आर५० च्या शूला (वर फ्लॅश बसतो ती जागा) वेगळा अडॅप्टर लागतो, हे लग्नाची कामं करणाऱ्यांनी आधीच बघून ठेवावं. व्हिडिओ सलग एक तासच चालतो, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तो पुरत नाही.

पावसाबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. बॉडी वेदर सील्ड, म्हणजे पाणी-धूळ शिरू नये अशी बंद सांध्यांची, आहे म्हणून भाऊ टेंभी नाक्याच्या दहीहंडीला निर्धास्त निघाला होता. वरून पाऊस, बाजूनं टँकरचे फवारे. मी त्याला लेन्स बघायला लावली. १००-४०० ला सीलिंग नाही, ५० मिमी एफ/१.८ लाही नाही. लेन्सला रबराची कड नसेल तर पाणी माउंटपाशीच आत शिरतं, बॉडी कितीही मजबूत असो. शेवटी दोन्ही कॅमेऱ्यांवर साधी प्लास्टिकची कव्हरं चढली आणि दोन्ही कोरडे घरी आले. आपल्याकडे खरी भीती बुरशीची आहे. जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत ठेवायच्याच नाहीत. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचे दाणे रंग बदलले की कढईत भाजून पुन्हा आत. बुरशी बॉडीची किंमत विचारून येत नाही.

वजनाचं थोडक्यात: आर५० बॅटरी-कार्डासकट ३७५ ग्रॅम, आर६ ६७० ग्रॅम. येऊरच्या डोंगरावर पायी चढताना हा फरक मला जाणवतो. संध्याकाळी मासुंदा तलावाच्या काठी दिवे टिपायचे असतील तर मात्र मी आर६ मागून नेते, कारण बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनमुळे स्टँडशिवाय संथ शटर जमतो. नाचणाऱ्या माणसाला किंवा उडणाऱ्या पक्ष्याला त्याचा काही उपयोग नाही.

पैशाचं गणित करताना नुसत्या बॉडीच्या किमती समोर ठेवू नका. आर६ सोबत आर५० ची १८-४५ किट लेन्स वापरू म्हणाल तर फोटो नऊ मेगापिक्सेलच्या आसपास उतरतो. म्हणजे फुल फ्रेम लेन्सही घ्याव्याच लागतात, आणि हिशेब बॉडीच्या दुपटीवर कधी जातो कळत नाही. ज्यांचं बजेट आर६ च्या बॉडीपाशीच संपतं, त्यांनी तो घेऊ नये असं मी ठामपणे म्हणेन. तेवढ्याच पैशात आर५०, १००-४०० आणि एक एफ/१.४ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) असं सगळं येतं, आणि खाडीपासून नाट्यगृहापर्यंत बरंचसं निभावतं.

मी स्वतः पुढचे पैसे कॅननच्या १००-५०० मिमी एल लेन्ससाठी साठवतेय. तिला सीलिंग आहे, आणि आर५० वर ती ८०० मिमीसारखी चालेल. वजन तिचं १.३७ किलो, आर५० ची पकड लहान, त्यामुळे भार डाव्या हातानं लेन्सखालीच पेलावा लागेल. पुढच्या हिवाळ्यात रोहित यायच्या आत ती हातात असावी अशी इच्छा आहे.