दांडिया बाजारातला मुलांचा गाण्याचा वर्ग: नातू वर्षभर जातोय, त्यावरून

म्युनिसिपालिटीच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत मी पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. त्यामुळे लहान मुलांना कोण काय शिकवतं, कसं शिकवतं, याकडे माझं लक्ष असतंच. बडोद्याच्या दांडिया बाजारात एका जुन्या घराच्या माडीवर सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी गाण्याचा वर्ग चालतो, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी. माझा नातू तिथे जातो. सोसायटीतल्या आया भेटल्या की विचारतात, "काकू, आमच्याला घालू का हो?" म्हणून एकदाच नीट लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते: जरूर घाला. त्याचं मुख्य कारण हे की तिथे मुलांना आधी ऐकायला शिकवतात, गायला नंतर.

मी आजवर मुलांचे जे वर्ग पाहिले त्यात बाई पेटी वाजवतात, पेटीबरोबर स्वतःही मोठ्यानं गातात आणि मुलं त्या आवाजामागे ओढली जातात. पेटी थांबली की सूर गेला! मुलाला स्वतःचा आवाज ऐकूच आलेला नसतो, मग तो सुरात आहे की नाही हे त्याला कळणार कुठून? या वर्गात पेटी आहे, पण बराच वेळ तिचा भाता बंद असतो. तंबोऱ्याचं यंत्र बारीक आवाजात सुरू असतं. शिकवणाऱ्या ताई एक ओळ गाऊन दाखवतात आणि मुलं गायला लागली की स्वतः गप्प होतात. कान देऊन ऐकतात. कोण कुठे घसरतंय हे त्यांना लगेच समजतं आणि त्या मुलाजवळ जाऊन त्या तीच ओळ पुन्हा हळूच म्हणतात.

दुसरी गोष्ट पट्टीची. ताईंचा स्वतःचा सा काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्या पट्टीत लहान मुलांना गायला लावलं तर खालचे सूर घोगरे होतात, मुलं गाण्याऐवजी बोलल्यासारखं करायला लागतात. म्हणून मुलांसाठी त्या वर पांढरी दोनला, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर येतात. मोठ्या माणसाला ही बारीक गोष्ट वाटेल, पण 'आमच्या मुलाला सूरच नाही' असं ज्यांच्याबद्दल घरचे म्हणतात त्यातल्या कितीतरी मुलांची तक्रार फक्त पट्टीची असते. शाळेच्या प्रार्थनेत मी हे रोज पाहिलं आहे.

सुरुवात सारेगमनं होत नाही. आधी हाका मारायचा खेळ असतो. एक मूल खोलीच्या या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात, आणि एकमेकांना नावानं हाक मारायची. लांबून हाक मारताना मुलांचा आवाज पहिल्या अक्षरावर वर असतो आणि दुसऱ्यावर आपसूक थोडा खाली येतो. ताई तेवढंच धरतात आणि सांगतात, वरचा तो प, खालचा तो ग. हे दोन सूर पक्के झाले की वर ध, मग खाली सा आणि रे. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, हा क्रम हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या विचारातून आलेल्या पद्धतीतला. लोकगीतं, खेळ आणि हाताच्या खुणा यांच्या आधारानं तिथे शाळेतल्या मुलांना गाणं शिकवतात. त्या खुणासुद्धा मुळात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या, जॉन कर्वेन यांनी रूढ केलेल्या. इथे ताई हात नुसता वर-खाली नेतात: सा कमरेशी, प छातीशी, वरचा सा कपाळाशी. आणि गंमत बघा, सा रे ग प ध हे पाच सूर झाले की आपला भूप तयार! म नाही, नि नाही. हंगेरीच्या वाटेनं निघालेलं पोर आपल्याकडे नवशिक्याला शिकवतात त्याच रागात येऊन पोचतं. हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

आता मला सगळ्यात आवडलेला खेळ. मुलं एखादं बडबडगीत मांडीवर ठेका देत म्हणत असतात. मध्येच ताई मूठ मिटतात. मूठ मिटली की आवाज बंद, पण ठेका आणि गाणं मनात सुरूच ठेवायचं. मूठ उघडली की गाणं मनात जिथे पोचलं असेल तिथून सगळ्यांनी एकदम मोठ्यानं म्हणायचं. मी कोपऱ्यात बसून पाहत होते. एक छोटी मुलगी डोळे घट्ट मिटून, ओठ हलवत होती. मूठ उघडल्यावर दोघे-तिघे आधीच्या शब्दावर आले, एक जण पुढच्या. ताई कुणालाही 'चुकलास' म्हणाल्या नाहीत. "परत करूया, या वेळी मूठ थोडी लवकर उघडते," एवढंच. तिसऱ्या खेपेला अख्खी खोली एका अक्षरावर उतरली आणि मुलं स्वतःच दचकून हसली. सूर मनात धरून ठेवणं मोठ्या गवयालाही चुकत नाही, आणि इथे ते सात वर्षांची मुलं खेळता खेळता करतात.

तालाचंही असंच. फरशीवर खडूनं गोलात सोळा घरं काढतात आणि मुलं एकेका घरात उभी राहतात. ताई सोळा मात्रांचा त्रिताल म्हणतात आणि आपली मात्रा आली की त्या मुलानं हालचाल करायची: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या घरात टाळी, नवव्या घरात हात उलटा उघडायचा, बाकीच्यांनी नुसती बोटं. एक आवर्तन झालं की सगळे एक घर पुढे सरकतात, म्हणजे प्रत्येकाला कधी ना कधी सम (पहिली मात्रा) मिळते आणि 'खाली'ही (टाळी नसलेली नववी) मिळते. सहा मात्रांना मात्र खडू लागत नाही. बडोद्याच्या मुलांच्या पायात नवरात्रामुळे हींच, म्हणजे गरब्याचा सहा मात्रांचा ताल, आधीच असतो. ताई दांडियाच्या काठ्या हातात देतात, "चालो, बधा गोळ उभा रहो" (चला, सगळे गोल उभे राहा) म्हणतात आणि मग त्याच सहा मात्रांतून दादरा दाखवतात. वर्गात निम्मी मुलं गुजराती आहेत. मराठी बडबडगीतं ती आमच्या मुलांइतकीच ठसक्यात म्हणतात.

इथून सूरसागर तलाव हाकेच्या अंतरावर. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं गायक मौलाबक्षांनी 1886 मध्ये याच शहरात गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. साध्या घरातल्या मुलालाही गाणं पद्धतशीर शिकता यावं ही कल्पना बडोद्याला नवी नाही. म्हणूनच असा वर्ग आपल्या पेठेत चालावा असं मला मनापासून वाटतं.

आता खटकलेल्या गोष्टी. वार्षिक कार्यक्रम! वर्षभर तंबोऱ्यावर बारीक कानानं शिकवायचं आणि कार्यक्रमाच्या दिवशी मोठ्या स्पीकरवर तयार संगीत लावून त्यावर मुलांना गायला लावायचं, हे मला अजिबात पटलं नाही. मुलं ओरडत होती, कारण त्यांना स्वतःचं काही ऐकूच येत नव्हतं. मी ताईंना तसं स्पष्ट सांगितलं. पालकांना झगमगाट हवा असतो, असं त्या म्हणाल्या. पालकांनी तो मागू नये, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

सहा आणि दहा वर्षांची मुलं एकत्र बसवतात तेही बरं नाही. मोठ्यांना हाकांचा खेळ बाळबोध वाटतो, मागे बसून ती चुळबुळ करतात. दोन तुकड्या व्हायला हव्यात. घरी सरावाला काही देत नाहीत. आठवड्याची दोन गाणी मोबाइलवर पाठवली तरी आम्हाला पुरे. जिना अरुंद आहे, आजी-आजोबांनी कठडा धरूनच चढावं. स्कूटर लावायला खाली जागा नाही.

गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांबद्दल बरेच जण विचारतात. प्रारंभिकला, म्हणजे त्यातल्या पहिल्या परीक्षेला, इथे घाईनं बसवत नाहीत, निदान दोन वर्षं तरी नाहीच. ज्यांना लवकर प्रमाणपत्र हवं आहे त्यांनी दुसरीकडे जावं. माझ्या मते ताईंचं बरोबर आहे. रागाची माहिती पाठ करून सांगणारं मूल आणि भूप ऐकून ओळखणारं मूल यात मला दुसरं हवं.

फी महिन्याला सातशे. वही-पेन लागत नाही, पाण्याची बाटली पुरते. नवीन मुलं जूनमध्ये आणि दिवाळीनंतर घेतात, आधी एक-दोन वेळा तसंच बसू देतात. तेव्हा तुमच्या मुलानं तोंड उघडलं नाही तर लगेच नाव काढू नका. आमचा सुरुवातीला कितीतरी दिवस गायलाच नाही, नुसता टाळ्या द्यायचा, आणि त्या टाळ्या बरोबर पडायच्या.