बिल नंबर डेटाबेसमध्ये कसा ठेवावा: तयार की सुटा?

बिलिंगचं मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीची रचना, लिहायला बसलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. ‘पीएन/२४-२५/०४२’ हा नंबर एका टेक्स्ट कॉलममध्ये जसाच्या तसा ठेवायचा, की शाखा, आर्थिक वर्ष आणि अनुक्रमांक अशी तीन फील्ड ठेवून दाखवताना जुळवायचा? मी दोन्ही करून पाहिलंय.

तयार नंबराची सोय मोठी आहे. ग्राहक फोनवर नंबर वाचून दाखवतो, तो टाकला की बिल समोर. अकाउंटंटने थेट टेबल उघडलं तरी त्याला कळतं. सुटी फील्ड ठेवली आणि जुळवलेला नंबर जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) साध्या प्रॉपर्टीने, म्हणजे दाखवताना कोडमध्येच तयार करून दिला, तर तो डेटाबेसमध्ये नसल्याने त्यावर फिल्टर लागत नाही. शोधायला टाकलेला मजकूर आधी तोडावा लागतो. त्यात लोक स्लॅश विसरतात, मध्ये स्पेस देतात. हा त्रास रोजचा आहे.

माझं पहिलं बिलिंग तयार नंबरावरच होतं, पुण्यातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या वितरकासाठी. पुढचा नंबर काढताना त्या वर्षातला सर्वांत मोठा नंबर घ्यायचा, शेवटच्या स्लॅशनंतरचा भाग तोडायचा, त्यात एक मिळवायचा. अकरा महिने काही अडलं नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ९९९वं बिल निघालं, १०००वंही निघालं, आणि त्यानंतर एकही निघेना. टेक्स्टची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते, म्हणून ‘९९९’ हे ‘१०००’पेक्षा मोठं ठरतं. प्रोग्राम दर वेळी ९९९ उचलायचा, १००० बनवायचा आणि युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम, तो परत पाठवायचा. वर्षअखेरीची गर्दी, टेम्पो भरून उभे, आणि मी फोनवर. ती दुपार मी विसरलेलो नाही.

पाच अंकांपर्यंत शून्यं भरली असती तर वाचलो असतो, हे खरं. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांच्या आत हवा, त्यात पाच अंक आरामात बसतात. पण ज्या गोष्टीत एक मिळवायचा ती संख्या म्हणूनच ठेवावी, असं मला तेव्हापासून वाटतं. सुट्या फील्डांत क्रमवारी आपोआप बरोबर लागते, शाखा आणि वर्षानुसार बेरजा सरळ निघतात, आणि तिन्हींवर मिळून एक युनिक कन्स्ट्रेंट पुरतो. दोन काउंटरवर एकाच क्षणी बिल निघण्याचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच उरतो. त्यासाठी मी शाखा-वर्षागणिक शेवटच्या नंबराची एक ओळ ठेवतो आणि नवा नंबर घेताना ती लॉक करतो, म्हणजे दुसऱ्या काउंटरला थांबावं लागतं. पोस्टग्रेस या डेटाबेसचा सीक्वेन्स (आपोआप पुढचा नंबर देणारी सोय) इथे नको, कारण डेटाबेसमधला व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे अर्ध्यात रद्द झाला, तरी घेतलेला नंबर परत येत नाही, आणि जीएसटीच्या नियमाला सलग क्रम हवा असतो.

सुट्या पद्धतीची खरी अडचण वेगळी आहे. उद्या शाखेचा कोड ‘पीएन’चा ‘पीयू’ झाला, तर जुनी बिलंही नव्या नंबराने दिसायला लागतील. ग्राहकाच्या हातातल्या कागदावर मात्र जुनाच नंबर. हे चालणार नाही. पोस्टग्रेस १२ पासून जनरेटेड कॉलम (इतर कॉलमांवरून सूत्राने आपोआप भरणारे) आहेत, जँगो ५.० मध्ये त्यासाठी फील्डही आलं, पण सूत्र बदललं की तेही जुन्या ओळींना सोडत नाही. शिवाय शून्यं भरायला पोस्टग्रेसचं एलपॅड हे फंक्शन वापरत असाल तर जपा: पाच अंकांची मर्यादा दिली आणि संख्या सहा अंकी झाली, तर ते शेवटचा अंक निमूट कापतं.

म्हणून आता मी तीन सुटी फील्ड खरी मानतो, आणि बिल पक्कं होताना छापलेला नंबर चौथ्या कॉलममध्ये एकदाच लिहून ठेवतो. शोध त्यावर, हिशेब बाकीच्यांवर. वर्षाला दोनशे बिलं करणाऱ्याला हे कदाचित जड वाटेल, आणि त्याने नुसता तयार नंबर ठेवला तर मी वाद घालणार नाही. फक्त शेजारी अनुक्रमांकाचा एक इंटीजर (पूर्णांक) कॉलम जरूर ठेवा.